दगडीबाईच्या वावराचं कुंपण

“माले मनाच वावरमा कोनीतरी कोंडी टाकं, ताई!”

दगडीबाईने दिपमालाताईंचा हात धरला तो सोडेचना. शिरपूरजवळच्या या गावात म्हातारी आपल्या केळीच्या वावरातच एकटी राहायची. दोन दिवस लेकीकडे गेली आणि परत येऊन बघते तर काय, गाडीवाट अडवून रस्त्याच्या कडेने काटेरी तारेचं कुंपण! शनिवारपर्यंत घड कापले नाहीत तर माल झाडावरच पिकून जाणार होता. ट्रक आत येणार कुठून?

धुळ्याच्या खाजगी गुप्तहेर दिपमालाताई वावरातून कुंपणाच्या कडेकडेने निघाल्या. मागे त्यांचा मदतनीस निंबा, अंगाने दांडगा आणि डोक्याने जरा निवांत.

“आई गं!” तारेच्या पिळात अडकून निंबाची बाही टर्रकन फाटली. “ताई, यात शोधायचं काय? शेजाऱ्याचंच काम!”

“मनं लुगडंबी आठेच फाटनं,” दगडीबाई म्हणाली.

रस्त्यापलीकडच्या हापशीसमोर मात्र खालच्या दोन तारा बांधलेल्याच नव्हत्या. म्हातारी तिथूनच वाकून पाण्याला जायची.

“कारागीर विसरला असेल,” निंबाने निकाल दिला.

पलीकडच्या वावराचा मालक मनन, शिरपूरचा कापूस व्यापारी, वैतागलेलाच होता. “मी वावर विकत मागितलं, अक्का नाही म्हणाल्या, विषय संपला. हे कुंपण माझं नाही.”

“मग काढून टाका,” दिपमालाताई म्हणाल्या.

“माझं नाही त्याला मी कशाला हात लावू? उद्या पोलीस मलाच बोलावतील.”

धुळ्याहून आलेला दगडीबाईचा मुलगा सुकलाल खाटेवर मान खाली घालून बसला होता. “मॅडम, मीच मायला म्हटलं, तारेला हात लावू नको, केस होईल. त्यापेक्षा विकून टाक आणि माझ्याकडे चल.”

“किती जीव आहे बघा आईवर!” निंबा म्हणाला.

दिपमालाताईंनी सगळ्यांना कुंपणापाशी बोलावलं.

“बांधणारा जिथे उभा असतो, तिथूनच पकडीने तार पिळतो. पिळाची टोकं त्याच्याच बाजूला राहतात. निंबा, बाही कुठे फाटली?”

“आतून... वावरातून.”

“मननभाऊंनी बाहेरून बांधलं असतं. दुसऱ्याच्या वावरात शिरून दोन दिवस तारा पिळायची हिंमत त्यांनी केली नसती. दगडीबाई घरी नाहीत हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, तोच आत निर्धास्त उभा राहिला. आणि वैरी असता तर हापशीची वाट त्याने आधी बंद केली असती. ट्रक अडवायचा, पण म्हातारी तहानलेली राहायला नको! एवढी काळजी कोणाला असणार, सुकलाल?”

सुकलाल ढसाढसा रडायलाच लागला. “मांगला सालले तुले साप चावना, माय! दिवसभर एकली पडेल व्हतीस, कोनलेच मालूम नही. माल बुडना तं बुडना, तू आठून निंघशीन असं वाटनं.”

दगडीबाईने घरातून पक्कड आणून त्याच्या हातात दिली.

“काढ.”

शेवटची तार सुटेपर्यंत ती हलली नाही. मग पदराने त्याचे डोळे पुसत म्हणाली, “चार महिना धुळ्याले तुना घर राहिनू ना रे? जव्हय तू कामले जास, तव्हय बाहेरथीन कुलूप लाईसन जास. माले भीती तठे वाटस, आठे नही.”