सगळ्यात गार वस्तू

मी शाळेत पी.टी.चा मास्तर आहे. पोरांना पळवणं हाच माझा धंदा, पण सोलापुरातल्या मे महिन्यात पळवणार कुठं? गेल्या वर्षी तर पारा चव्वेचाळीसच्या खाली यायचं नावच घेत नव्हता. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, असा मेसेज रोज मोबाइलवर. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन पोरं कोंडलेली. माझी शिवानी, सात वर्षांची, आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, शरणम्मा अक्काचा विरुपाक्ष, दहाचा. अक्का मंद्रूपहून मुद्दाम राहायला आली होती, कारण माझं घर उघडं पडलं होतं. माझी बायको धनलक्ष्मी जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या यात्रेत, चार दिवसांच्या तापानं गेली.

तेव्हापासून शिवानी हसलेली नव्हती. खिडकीशी बसून केसातली लाल रिबीन बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. तिनं एकदा हसावं, एवढ्यासाठी मी तो खेळ आखला. विरूला सांगितलं, वेळ जावा म्हणून.

खेळ साधा. दोघांना एकेक यादी, एकेक स्टीलचं ताट. यादीतल्या सात वस्तू घरातून शोधून ताटात ठेवायच्या. अर्ध्या तासानं माझी शिट्टी. सेफ्टी पिन, वेलदोडा, बोटाहून छोटी पेन्सील, कपड्याचा चिमटा, एक रुपयाचं नाणं. सहावी शिवानीची लाल रिबीन. ती मी सकाळीच मागून घेतली होती आणि कुठं लपवली होती माहीत आहे? माझ्याच शर्टाच्या खिशात. मास्तरकीची ही खोड जात नाही. सातवी वस्तू मी आयत्या वेळी लिहिली, घामानं पेन निसटत होतं तेव्हा. 'घरातली सगळ्यात गार वस्तू.'

माळा तेवढा खेळातून वगळला. शिडी खाली वॉचमनच्या खोलीत असते, असं पोरांना सांगितलं. ते खरंही होतं. पण माळ्यावर कुणी जाऊ नये याचं माझं कारण वेगळं होतं.

"मामा, गार म्हंजे बर्फच की!" विरू यादी वाचून ओरडला.

"मग आण की. बडबडतोस कशाला?" म्हणत मी शिट्टी वाजवली आणि तेवढ्यात लाइट गेली.

कूलर घरघरून थांबला. उन्हाच्या झळा अडवायला खिडक्यांना ओल्या चादरी टांगल्या होत्या, त्यामुळं भर दुपारी घरात तिन्हीसांजेइतकाच उजेड. चादरींचं पाणी फरशीवर टपटपत होतं. समोर चटईवर अक्का घोरत होती. विरूची धडपड स्वयंपाकघरातून ऐकू येत होती, शिवानीची हलकी पावलं आतल्या खोलीत.

मग आणखी एक आवाज यायला लागला. फरशीवर जोडव्यांची टिकटिक... सावकाश, थांबत थांबत. आतल्या खोलीतून.

मी अक्काच्या पायांकडं बघितलं. ती गाढ झोपलेली.

उठून आत जायला हवं होतं. पण त्याच वेळी शिवानी हसली. खळखळून, पोटातून, चार महिन्यांनी पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, असू दे. आता आत गेलो तर हसू थांबेल. मी तसाच बसून राहिलो. त्या बसण्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

हळूहळू हॉलमध्ये वास यायला लागला. विभूतीचा, आणि त्यामागून नुकत्याच खणलेल्या ओल्या मातीचा.

मी घाईघाईनं शिट्टी वाजवली.

विरू धापा टाकत आला. ताटात पाच वस्तू आणि वाटीत अर्धा वितळलेला बर्फ. "रिबीन काय गावली न्हाय, मामा."

मी हसत खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

शिवानी मागून आली. तिचं ताट मोकळंच होतं, फक्त मधोमध तिनं हात पालथा धरून काहीतरी झाकलं होतं. "बाबा, सातवी मी जिंकले," ती म्हणाली आणि हात काढला.

ताटात चांदीची छोटी डबी होती. भोवती पांढरी वाफ धरलेली, फ्रीजमधून काढल्यासारखी. मी हात लावला आणि बोट चटकन मागं घेतलं.

विरूच्या ओरडण्यानं अक्का जागी झाली. तिनं डबी बघितली. झाकणावरचा छोटा चेपा बघितला. शिवानीला दात येत होते तेव्हा ती आईच्या गळ्यातली ही डबी चावायची, त्याची ती खूण.

"अरं... ही तर धनलक्ष्मीची लिंगाची डबी," अक्का म्हणाली. "मी माझ्या हातानं तिच्या मुठीत ठिवली हुती की रं... मातीत..."

आमच्यात माणसाला बसवून पुरतात, आणि त्याच्या गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात. जन्मभर अंगावरून उतरवायचं नाही आणि जाताना बरोबर न्यायचं, असं ते.

मला कबूल करावं लागलं. दवाखान्यातून तिच्या वस्तूंची पिशवी माझ्याकडं आली होती. सगळंच मातीत घातलं तर पोरीला आई म्हणून दाखवायला काय उरेल, या विचारानं मी वेडा झालो. बाजारातून तशीच दुसरी डबी आणली, पिवळ्या फडक्यात गुंडाळून अक्काच्या हातात दिली. अक्कानं न उघडता ती धनलक्ष्मीच्या मुठीत ठेवली. खरी डबी मी माळ्यावर, बंद पडलेल्या मिक्सरच्या खोक्यात लपवली. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

अक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "दुसऱ्याचं लिंग दिऊन धाडलंस व्हय तिला? कुटं जाईल ती आता?"

मी शिवानीपुढं गुडघ्यांवर बसलो. "बाळा, तुला ही कुणी दिली?"

"आईनं."

"...कुठं होती आई?"

"मी विचारलं, घरात सगळ्यात गार काय आहे? तर तिनं वर हात केला आणि काढून दिली. तिला शिडी लागत नाही." मग तिनं डावा हात पुढं केला. "असं धरायचं म्हणून शिकवलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे विरू आणि शिवानीला शेजारच्या चन्नम्मा काकूंकडं ठेवून आम्ही मंद्रूपला गेलो. गावातल्या स्वामींना अक्कानं आदल्या संध्याकाळीच फोन केला होता. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "तिचं तिला द्या." रानात तिला पुरलेल्या जागेवरची माती उन्हानं भेगाळून दगड झाली होती. मला पहार आणावी लागली. वीतभर खाली गेल्यावर मात्र माती ओली लागली. आणि त्या ओल्या मातीत पिवळं फडकं.

मीच बाजारातून आणलेली डबी. चार हात खोल, मिटलेल्या मुठीत गेलेली. तिच्याभोवती शिवानीची लाल रिबीन बांधली होती. धनलक्ष्मी रोज सकाळी पोरीच्या वेणीला बांधायची तशीच, दुहेरी फुलाची गाठ.

स्वामींनी खरी डबी बेलपानांत ठेवून खड्डा बुजवला आणि दुसरी विहिरीत सोडायला सांगितलं. मी सोडली. वाटलं, चुकतं झालं, आता ती शांत होईल.

जोडव्यांचा आवाज पुन्हा आला नाही. शिवानी हसायला लागली, शाळेत जायला लागली. लोक म्हणतात, पोरगी सावरली. मीही व्हय म्हणतो.

यंदाही मे तसाच आला. परवा विरू आला आणि शिवानीनंच हट्ट धरला, तोच खेळ, तीच यादी. मी नको नको म्हणत शिट्टी वाजवली. सहाव्या वस्तूला विरूनं तिच्या वेणीची नवी रिबीन ओढून घेतली, दोघं हसली. सातव्या वस्तूसाठी मी फ्रीजकडं बघत होतो.

विरू फ्रीजकडं गेलाच नाही. त्यानं ताट शिवानीपुढं धरलं, तिचा डावा हात मनगटाला पकडून उचलला आणि ताटात ठेवला.

"हेच की, मामा," तो म्हणाला.

मी तिच्या तळहाताला बोट लावलं. त्या डबीइतकाच गार. ताटावर, हाताभोवती, पांढरी वाफ धरायला लागली होती.