आतून वाजणारं दार

विश्वास ठेवा असं मी कोणाला सांगणार नाही. मी स्वतःही असल्या गोष्टींना हसणाऱ्यातली होते. पण हे माझ्याच घरात घडलंय, आणि रात्री-बेरात्री नाही... भर दुपारी, चारच्या सुमाराला.

मी शिवणकाम करते. तेव्हा मी आणि आई भाड्याच्या घरात राहायचो. खाली घरमालक काका एकटे, वर आम्ही. जिना बाहेरून, वर एकच दार, त्याला बाहेरून जुना कडी-कोयंडा. करार वर्षाचा.

चौथ्या महिन्यात आई न्हाणीघरात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन नको, म्हणून डॉक्टरांनी पायाला वजन लावून तिला पलंगावर झोपवलं. तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही, अशी ताकीद दिली.

त्याच आठवड्यात काकांनी जिन्याखालून हाक मारली.

"ताई, घर सोडा. अठरा तारखेच्या आत."

अठराला तीन आठवडे होते.

"काका, आईची अवस्था दिसतेय ना तुम्हाला? आणि कराराचे आठ महिने बाकी आहेत."

"दुसरी जागा मी शोधून देतो. उचलायला माणसं देतो. पण अठराच्या आत निघा."

कारण विचारलं तर पाठ फिरवून आत गेले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. माझं डोकं फिरलं.

माझ्याकडे एक वकीलताई काळा कोट सैल करायला यायच्या. त्यांना सांगितलं.

"जायचं नाही," त्या म्हणाल्या. "करार आहे तोवर तोंडी सांगून कोणी काढू शकत नाही. आता तो त्रास द्यायला लागेल. पाणी तोडेल, दार वाजवेल. भांडू नकोस. तारीख, वेळ घालून सगळं लिहून ठेव."

मी मापांच्या वहीची मागची पानं त्यासाठी ठेवली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला नळ कोरडा पडला. तासाभराने आला. लिहिलं.

मग जिन्यातला दिवा गेला. लिहिलं.

मग जमिनीखालून काठी आपटल्यासारखे आवाज. तेही लिहिलं.

आणि मग... दार.

चार वाजता मी मशीन थांबवलं, आणि टक... टक... टक.

उठून उघडलं. जिना रिकामा.

असं रोज व्हायला लागलं. मशीन चालू असेपर्यंत गप्प. थांबलं की टकटक. मी धावत जायची, बाहेर चिटपाखरू नाही. म्हाताऱ्याचे गुडघे एरवी दुखतात, पळायला बरे चालतात, असं म्हणून मी चरफडायची.

आई पडल्या पडल्या म्हणाली, "हे वाजंत्रीवाले पण करारात आहेत का गं?"

पण चौदा तारखेला ती हसली नाही.

"अगं, तू दार उघडायला जातेस ना, तेव्हा ती बाजूला सरकते."

"कोण?"

"वाजवणारी."

"आई, बाहेर कोणीच नसतं."

"बाहेर कशाला असेल? ती आतून वाजवते."

गोळ्यांची गुंगी असेल असं मी स्वतःला समजावलं. तरी दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि फळीवर तळहात ठेवून जिन्यात उभी राहिले. आत फक्त आई. पायाला वजन बांधलेली.

काहीच नाही...

मग माझ्या हाताखाली... टक. टक. टक.

लाकूड हललेलं मला कळलं. आणि आवाज फार खालून येत होता. मापं घेण्यात जन्म गेला माझा, उंची नजरेनेच कळते. माणूस जमिनीवर बसून वाजवेल, तेवढ्या उंचीवरून.

दार उघडलं. दाराजवळ कोणी नव्हतं. आई माझ्याकडे नाही, दाराच्या कोपऱ्याकडे बघत होती.

सतरा तारखेला मी वही घेऊन खाली गेले. वही काकांपुढे आपटली.

"हे सगळं तुमचंच काम ना?"

त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि भिंतीला धरून खाली बसले.

"ताई, तो जिना चढून मला चार वर्षं झाली."

"मग पाणी?"

"अकराला बंद करायचो मी. पण तुमचं नाही... तिचं."

आमच्याआधी वर एक बाई राहायची. शाळेच्या ग्रंथालयात होती, एकटीच. तिच्या कराराचे सहा महिने बाकी होते, आणि काकांना मुलासाठी जागा हवी होती. ती म्हणाली, मुदत संपल्याशिवाय जाणार नाही. मग काकांनी पाणी तोडलं. दिवा काढला. खालून काठी आपटली. तरी ती हलेना.

"त्या वर्षी याच महिन्यात, अठराला दुपारी चारला वर जाऊन बाहेरून कुलूप घातलं. म्हटलं, शाळेत गेली असेल, येईल, कुलूप बघेल, निमूट जाईल. आणि मी चार दिवस बहिणीकडे गेलो."

मीच विचारलं.

"ती शाळेत गेली नव्हती?"

"तापाने आत झोपली होती."

परत आल्यावर कोणी बघायच्या आत त्यांनी कुलूप काढून विहिरीत टाकलं. तापाने गेली असंच सगळ्यांना सांगितलं. किल्ली टाकायचा मात्र धीर झाला नाही.

"तुम्हाला काढायचं नव्हतं हो मला, फक्त अठराला तुम्ही वर नको होतात. पण कारण सांगायचं म्हणजे..."

मला त्यांचा राग आला, किळस आली, आणि आई वर एकटी आहे हे आठवलं. इतके दिवस मी तिथे राहायला मिळावं म्हणून भांडत होते. आणि ती बिचारी बाहेर पडायला धडपडत होती.

अठराला आईला तिथून हलवायला मी रुग्णवाहिका बोलावली. तीनला येणार होती. चारला पाच कमी असताना फोन आला, कोपऱ्यावर आहोत, गल्ली सापडत नाही. मी दार सताड उघडलं, त्याला शिलाई मशीन लावलं, आईला म्हटलं, "दोन मिनिटांत आले."

दोनच मिनिटं लागली. दोन माणसं आणि स्ट्रेचर घेऊन जिना चढले...

दार बंद होतं.

कडीला कुलूप होतं. गंजलेलं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

मी आईला हाका मारल्या. आणि मग आतून दार वाजायला लागलं. तीनदा नाही, थांबून थांबून नाही. दोन्ही हातांनी, धाडधाड.

माझी आई पलंगावरून उठू शकत नव्हती.

माणसांनी धक्के मारले, दार हलेना. तेवढ्यात काका आले. पायऱ्यांवर हात टेकत, रांगत, मुठीत किल्ली. कुलपाला लावताना ती दोनदा खाली पडली.

तिसऱ्यांदा लागली.

दार उघडलं तसा आवाज थांबला. गार वारा माझ्या खांद्याला घासून बाहेर गेला. आई पलंगावर होती तशीच, वजन जागच्या जागी. मशीन कोपऱ्यात, भिंतीला टेकून.

"गेली का गं ती?" आईने विचारलं. "मी म्हटलं तिला, मला उठता येत नाही, तूच वाजव बाई. खूप वाजवलं तिने."

जिन्यावर पावलं वाजली, खाली उतरणारी. आम्ही सगळ्यांनी ऐकली. ती रस्त्यापर्यंत गेली नाहीत. काकांच्या दाराशी थांबली.

आठवड्याने मी मशीन न्यायला गेले. काकांचं दार लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज आला.

"ताई, बाहेरून कडी लागलीय का बघा हो. उघडत नाहीये."

त्या दाराला बाहेरून कडीच नव्हती. मी बोटाने ढकललं, उघडलं. काका आत जमिनीवर बसले होते. दोन्ही हातांची बोटं सोललेली.

"उघडं आहे, काका," मी म्हटलं.

त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मी हात धरून ओढलं त्यांना. उंबरठ्यापाशी ते असे घट्ट अडकले की माझाच हात सुटला. शेवटी दाराला मोठा दगड लावला, त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं आणि निघाले. कोपऱ्यावर पोचले असेन...

टक. टक. टक.

दार उघडं होतं. मी स्वतः दगड लावला होता.

मी परत फिरले नाही. आई आता काठीने चालते, आमच्या नव्या दाराला बाहेरून कडी ठेवलेली नाही. मुलाने मला पुन्हा फोन केला नाही, आणि मीही केला नाही. पण ऐकून पुढे निघून गेले मी, हे खरंच आहे. दुपारी चारला मी अजूनही मशीन थांबवत नाही.