रनिंगमधले रविवार

परमेश्वर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी केजच्या भर बाजारात, दहा-बारा बघ्यांच्या समोर, गाडीला किका मारत होते. आणि गाडी काही केल्या चालू होत नव्हती.

गाडी म्हणजे नानांची राजदूत. नाना म्हणजे माझे वडील, शहादेव लाइनमन. नोकरीची तीस वर्षं त्यांनी याच गाडीवरून युसूफ वडगावच्या आसपासचे विजेचे खांब तपासले. शेवटी पिस्टन जाम झाला, तेव्हा ज्याने त्याने सांगितलं, भंगारात घाला. नानांनी ऐकलं नाही. केजला दिलावरचाचांच्या गॅरेजमध्ये सिलिंडर आतून घासून इंजिनाचं बोअर करून घेतलं, पिस्टन नवा घातला, मीटरसुद्धा नवा बसवला, शून्यावर. एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं की गाडी तयार आहे, पण नानांचा गुडघा किक मारण्याच्या कामाचा राहिलेला नाही. म्हणून मी.

चौथी किक... पाचवी... केस तोंडावर आलेले, ओढणी कमरेला खोचलेली. समोरच्या टपरीवर एक मुलगा चहाचा कप धरून बघत होता. बाकीचे हसत होते, हा हसत नव्हता, आणि का कोण जाणे मला त्याचाच जास्त राग आला. सहाव्या किकेला गाडी धडधडली, निळा धूर निघाला. तो मुलगा कप ठेवून सरळ आमच्याकडे आला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं मात्र नानांना.

"गाडी विकायची हाय का?"

नानांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "हाय."

मला आजही खात्री आहे, दोघांपैकी कुणीही हे आधी ठरवलेलं नव्हतं.

मुलगा आष्टीकडचा. तहसीलमध्ये नुकताच कारकून म्हणून लागलेला, केजला खोली करून एकटा राहणारा. व्यवहार तिथंच टपरीवर ठरला, पण नानांनी एक अट घातली. बोअर केलेली गाडी लगेच पळवायची नसते. पहिले हजार किलोमीटर तिला जपावं लागतं. चाळीसच्या वर न्यायची नाही, पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्त घालायचं, दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून इंजिन थंड होऊ द्यायचं, आणि डबलसीट तर अजिबात नाही. याला रनिंग म्हणतात. नानांची अट अशी की रनिंग पूर्ण होईपर्यंत गाडी फक्त रविवारी काढायची आणि वडगावला आणून दाखवायची. हजार भरले की गाडी त्याच्या नावावर करायच्या कागदावर सही.

दिलावरचाचा हात पुसत हसले. "शहादेवभाऊ, गाडी देताय का पोरगी?"

नानांनी त्यांच्याकडे असं बघितलं की चाचा पुन्हा आपल्या कामाला लागले. मी मात्र उगाचच आरशात बघून केस बांधले.

पहिल्या रविवारी परमेश्वर आला तो गाडी ढकलत. वडगावच्या अलीकडे दोन किलोमीटरवर बंद पडली होती. शर्ट घामाने चिकटलेला, आणि हातात ताज्या पेरूंची पिशवी, मायसाठी. माझी माय, भिवराबाई, तिथंच त्याच्या बाजूची झाली. नाना बाजेवरून हलले नाहीत. मला म्हणाले, प्लग काढून दाखव त्याला.

मी प्लग काढला. टोकाला ओली काजळी. मी पॉलिश पेपरने ती घासत होते आणि तो समोर उकिडवा बसून बघत होता... प्लगकडे कमी, माझ्या हातांकडे जास्त.

"एवढा काळा कावून झाला?"

"ऑइल लई टाकलंय तुमी."

"जास्त टाका म्हणले होते."

"जास्त म्हणलं होतं. सगळा डबा न्हाई."

त्याने मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. मग हळूच म्हणाला, "तुमी कुटं शिकलात हे?"

"नानांच्या हातात पाने देत देत."

"मग आता मला बी काम द्या काहीतरी. पाने देतो मी."

त्या दिवशी त्याने मला तीनदा चुकीचा पाना दिला. तिसऱ्यांदा तर मुद्दामच दिला असावा, कारण देताना तो माझ्या बोटांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

असे रविवार सुरू झाले. तो यायचा, मी मीटर वाचून आकडा मोठ्याने सांगायची, नाना "हं" म्हणायचे. दीडशे, दोनशे वीस, तीनशे. मग एकदा नानांनी फर्मान काढलं की चालत्या गाडीचा धूर बघायला पाहिजे, बसून कळत नाही, तेव्हा शीलाने स्कुटीवर मागून जावं. शीला म्हणजे मी, सत्यशीला. गावात एखाद्या मुलीने मुलाच्या मागे अशी गाडी घातली असती तर छबुबाई शेजारणीने दिवसभर पुरेल एवढं बोलून घेतलं असतं. पण खुद्द लाइनमननी पाठवलं म्हटल्यावर छबुबाई नुसतीच तोंडाला पदर लावून बघत राहायची.

आता तो रस्ता रुंद झालाय, सिमेंटचा झालाय, माणसं नुसती सुसाट जातात. तेव्हा धनेगावच्या धरणाकडे जाणारी ती वाट एका गाडीपुरती होती. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ज्वारी, मधे मधे हरभरा. थंडीचे दिवस. पुढे चाळीसच्या आतल्या चालीने परमेश्वर, मागे मी, आणि मधे दोन हात निळसर धूर. लोकांचं प्रेम मोगऱ्याच्या वासाने जमतं, माझं पेट्रोलात मिसळलेल्या टू-टी ऑइलच्या वासाने जमलं. अजून कुठे तो वास आला की मी रस्त्यात थांबते.

इंजिन थंड करायला आम्ही कालव्याच्या कठड्यावर थांबायचो. दहा मिनिटं ठरलेली. ती हळूहळू वीस झाली, मग तीस... इंजिन बिचारं केव्हाच थंड व्हायचं. मी हरभऱ्याचे शेंडे खुडून द्यायची, त्याच्या पानांवरची आंबट आंब बोटांना लागायची, आणि तो आंबट तोंड करून खात राहायचा. आवडत नव्हतं त्याला. हे मला लग्नानंतर कळलं.

तिथंच त्याने मला त्याच्या घराचं सांगितलं. त्याचे माय-बाप ऊसतोडीला जातात. दसरा झाला की बैलगाडी जुंपायची आणि थेट कारखाना गाठायचा. हा वसतिगृहात राहून शिकला. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, गाडीच्या गरम सायलेन्सरवर पाण्याचे थेंब टाकून ते उडताना बघत होता.  

आकडे वाढत होते. पाचशे, सहाशे दहा... पूर्वी मी आकडा ओरडून सांगायची, आता पुटपुटायला लागले होते. हजार झाले की सही, सही झाली की याला वडगावला यायचं कारणच उरणार नव्हतं.

सातशे चाळीस झाले, त्याच्या पुढच्या रविवारी मी मीटर बघितला. सातशे चाळीसच. मला वाटलं, माझीच चूक. खाली वाकून बघितलं तर मीटरची केबल पुढच्या चाकापासून सोडवलेली, टोक गुंडाळून वर बांधून ठेवलेलं. तुटलेली नव्हती... कुणीतरी नीट, जपून काढली होती.

 म्हणजे यालाही हजार व्हायला नको होते. मी वर बघितलं. परमेश्वर माझ्याकडेच बघत होता, कान लाल झालेले. मी ते टोक तसंच राहू दिलं आणि उठले.

"किती झाले?" बाजेवरून नानांनी विचारलं.

"सातशे चाळीस," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी नानांपासून काही लपवत होते, आणि मला लाज वाटण्याऐवजी भलताच आनंद होत होता.

असे चार रविवार गेले. सातशे चाळीस, सातशे चाळीस, सातशे चाळीस. मीटरचा काटा बंद, म्हणून तो आता कानाने वेग ओळखायचा. आवाज जरा चढला की आपोआप हात सैल करायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुंदर चार रविवार.

पाचव्या रविवारी तो कठड्यावर बसलाच नाही. उभाच राहिला. म्हणाला, आष्टीला बदली झाली आहे, पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं आहे. इथून आष्टी शंभर-सव्वाशे किलोमीटर. मी हातातले हरभऱ्याचे शेंडे कालव्यात टाकून दिले. मला रडू येत होतं आणि मी चिडले.

"जायचंच होतं तर केबल कावून काढली?"

"मी?" तो चमकून म्हणाला. "केबल तुमी काढली ना?"

"मी कशाला काढू?"

"पाने तर तुमच्याच हातात असतेत..."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग हळूहळू लक्षात आलं. चार रविवार तो माझ्या धिटाईवर खूश होता आणि मी त्याच्या. दोघांनीही काहीच केलेलं नव्हतं. मला कालव्यात उडी मारावीशी वाटली.

"म्हणजे तुमाला वाटलं, मी..." 

"व्हय. मला वाटलं, मी येत राहावं असं तुमाला वाटतंय." तो अडखळला. "म्हणून तर जोडली न्हाई. आता ते तसं न्हाई म्हणल्यावर..."

"तसं न्हाई असं कुणी म्हणलं?"

कालव्याचं पाणी वाजत होतं. त्याने श्वास सोडला. मग सांगून टाकलं की त्या दिवशी बाजारात त्याला गाडी घ्यायचीच नव्हती. मला बघून काहीतरी बोलायचं होतं, तोंडातून विकायची का एवढंच निघालं, आणि नाना हो म्हणून बसले. त्याला तर तेव्हा गाडी धड चालवताही येत नव्हती. मी रडता रडता हसले.

"पण शीला," पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं, "माझे माय-बाप आज बी कोयत्यावर हैत. पालात राहतेत. नाना त्या घरात देतील का तुला?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण मला माहीत नव्हतं. नानांनी माझ्यासाठी कसलं घर मनात धरलं होतं, ते त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नव्हतं.

मी डोळे पुसून खाली वाकले, केबल बघितली. टोकाला काळी टेप होती, सुरकुती न पडता, एकावर एक सारखे वेढे घेतलेली. अशी टेप गुंडाळणारा माणूस वडगावात एकच होता. तीस वर्षं तारा जोडलेला.

परमेश्वरच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. गाडीत म्हाताऱ्याचा जीव अडकलाय, म्हणून हजार होऊ देत नाहीत, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं. आम्ही तसेच परत निघालो.

अंगणात शिरल्या शिरल्या त्याने किल्ली नानांच्या बाजेवर ठेवली.

"नाना, गाडी तुमच्याकडंच राहू द्या. केबल तुमी काढली, ते कळलंय आमाला. माझी आष्टीला बदली झाली. तुमच्यापासून तोडून न्यायचं जमायचं न्हाई मला."

 माझ्याबद्दल काहीच बोलला नाही. बोलणार नाही, हेही मला त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं. तो किल्ली ठेवून निघून जाणार होता. मग मीच बोलले.

"नाना, मला यांच्यासंगं लग्न करायचंय."

चुलीपुढं मायच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. नानांनी किल्ली उचलली, उलटसुलट करून बघितली आणि परमेश्वरच्या हातात परत दिली.

"गाडी विकली त्या दिवशी विकली. तिच्यापायी कशाला काढीन मी केबल?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तू आकडा सांगायचीस तवा तुझा आवाज दर रविवारी बारीक होत चाललता. सातशे चाळीसला तर ऐकूच आला न्हाई मला. म्हणलं, थांबवावं जरा. तुमी चहाला बसलात तवा सोडली. दोन-चार रविवारात बोलताल दोघं." मग ते परमेश्वरकडे वळले. "चाळीसच्या वर जाऊ नका म्हणलं होतं, ते गाडीला. तुमी तर लई हळू निघाले."

माय पदराआड हसली. परमेश्वरला मात्र हसू येईना. त्याने हळू आवाजात माय-बापांचं सांगितलं. कोयता, पाल, सगळं. काही झाकलं नाही.

नानांनी नुसतं विचारलं, "कोणत्या कारखान्यावर हैत यंदा?"

त्याने सांगितलं. ते मार्चमध्ये गावी परततील, तेव्हा बोलणं करू, असंही म्हणाला.

"मार्चपतुर कशाला? मुलीचा बाप हाय मी, मीच जायला पाहिजे. फडात येतो तुझ्यासंगं. परवाच्या एसटीनं."

आणि नाना खरंच गेले, दुखरा गुडघा घेऊन, दोन एसट्या बदलून. उसाच्या फडात पाचटावर बसून त्यांनी परमेश्वरच्या माय-बापांबरोबर कोरा चहा घेतला आणि मुलगा मागितला. जाताना बरोबर फोनमध्ये माझा फोटो नेला होता. तिथं काय झालं ते त्यांनी लगेच काहीच सांगितलं नाही, जमलं एवढंच म्हणाले.

कितीतरी वर्षांनी, माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवशी, नाना माझ्याजवळ येऊन बसले आणि मग सांगितलं. तो फोटो बघायला फोन हातात घेण्याआधी सासूबाई उठल्या होत्या आणि पाचटाने काळे झालेले हात त्यांनी दोनदा धुतले होते.