गोरा मोड

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर घडलं. दिग्रसला, आमच्या स्वतःच्या दुकानात आणि तेही भर दुपारी. तुम्ही विश्वास ठेवा किंवा नका ठेवू... मला रोज त्याच दुकानात बसावं लागतं, एवढंच सांगते.

दोन वर्षं झाली. दिवाळी होऊन गेली होती. जिनिंगकडे कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. सकाळी शटर उघडलं की काउंटरवर कापसाचे तंतू बसलेले असायचे.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. माझा मोठा भाऊ शहजाद फोटो काढतो. मी, गझाला, कॉम्प्युटरवर फोटो नीट करून प्रिंट देते. मागच्या खोलीत निळा पडदा, दोन लाइट आणि एक गोल स्टूल. स्टुलाला काळं रेक्झिन आहे. कुणी बसलं की त्यातून हवा निघते...

फुस्स.

हा आवाज लक्षात ठेवण्यासारखा नाही. पण मी विसरू शकत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी स्थळाच्या फोटोंना. भाईनं त्यासाठी कॅमेऱ्यात एक सेटिंग करून ठेवलं होतं. उजेड वाढवलेला, कातडीचा रंग गुलाबीकडे ओढलेला, चेहरा जरा मऊ. कॅमेऱ्यावरचं चाक त्या खुणेवर फिरवलं की समोरची मुलगी गोरी. लोक त्याला गोरा मोड म्हणायचे. पुसदहूनसुद्धा बसने यायचे त्याच्यासाठी.

फोटोची क्वालिटी मात्र साधीच ठेवायचो. कॅमेऱ्यात 'रॉ' नावाचा एक प्रकार असतो. त्यात समोरचा खरा रंग, खरा उजेड, सगळं साठून राहतं. पण फाइल जड होते, कार्ड लवकर भरतं. स्थळाच्या फोटोला कोण ते करतं? साध्या फोटोत कॅमेरा स्वतःच रंग लावतो आणि बाकीचं टाकून देतो.

टाकलेलं परत मिळत नाही.

त्या वर्षी जवळच्याच खेड्यातले बबनराव काका त्यांच्या मुलीला घेऊन आले. कपाशी, तूर, घरचं सगळं व्यवस्थित. मुलगी सुरभी, बीएस्सी झालेली. रंगानं सावळी. चांगलीच सावळी. जिभेनं मात्र तिखट.

पहिला प्रिंट तिच्या हातात दिला तर म्हणाली, "ताई, फोटो मस्त हाये. पण हे पोरगी कोण व्हय?"

मी हसले. भाईही हसला.

बबनराव काका हसले नाहीत. म्हणाले, "शहजादभाऊ, अजून थोडी उजळ करा."

तो फोटो ढाणकीच्या एका स्थळाकडे गेला. ढाणकीचे पाहुणे आले. मुलाच्या आईनं साडीशी ब्लाउजपीस मॅच करतात तसा फोटो सुरभीच्या गालाजवळ धरला आणि विचारलं, "फोटोतली पोरगी कोठी हाये?"

हे मला सुरभीनंच सांगितलं. दुसऱ्यांदा फोटो काढायला आली तेव्हा. सांगताना नक्कल करून दाखवली. पण या वेळी मला हसू आलं नाही.

मग बोरी अरबचं स्थळ आलं. त्यांना कुणीतरी आधीच तिचा खरा रंग सांगितला. ते आलेच नाहीत.

तिसऱ्यांदा आली तेव्हा ती बोललीच नाही. स्टुलावर बसली. काका भाईला सांगत होते, अजून वाढवा, अजून. भाईनं सेटिंग शेवटपर्यंत नेलं. ती उठली. फोटो न बघताच बाहेर जाऊन उभी राहिली.

पोळा झाला आणि तिला ताप आला. तीन-चार दिवसांत अंगावरचं सगळं बळ गेलं. यवतमाळला नेलं.

तिथून ती परत आली नाही.

तेरवीला आमच्याच प्रिंटची फ्रेम केली होती म्हणे. हार घालून ठेवलेली. आम्ही गेलो नव्हतो, आमच्या घरी अम्मी आजारी होती.

दिवाळीनंतर एका दुपारी सुरभीची आई, भागीरथाकाकू, एकटी दुकानात आली. पिशवीतून फ्रेम काढली. काउंटरवर ठेवली.

"बाई, हे माही पोरगी नाही."

मी म्हणाले, "काकू, हा तिचाच..."

"मले माही पोरगी दे. सावळी. जशी होती तशी."

मी विचारलं, मोबाइलमध्ये नाही का एखादा? काकूनं सुरभीचा मोबाइल माझ्या हातात दिला. फोटो पुष्कळ होते. सगळे चेहरा उजळणाऱ्या ॲपमधले. साधे फोटो तिनं स्वतःच पुसून टाकले होते. आधारकार्डावरचा फोटो तर तुम्हाला माहीत आहे, त्यात माणूस स्वतःलाही ओळखत नाही.

भाईनं मला बाजूला केलं आणि स्वतः कॉम्प्युटरवर बसला. उजेड कमी केला. गुलाबी काढलं. रंग गडद केला.

चेहरा सावळा होईना.

राखेसारखा होत गेला.

फोटोत काही उरलेलंच नव्हतं. कॅमेऱ्यानं तिचा रंग तेव्हाच टाकून दिला होता. भाई घामाघूम झाला. काकू मागे उभी राहून बघत होती. शेवटी तिनं हळूच स्क्रीनवर हात ठेवला.

"राहू द्या बाप्पा. आता तं मेलेली दिसून राह्यली."

आणि फ्रेम तिथंच सोडून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं...

एक मुलगी स्थळाचा फोटो काढायला आली. भाईनं चाक गोऱ्या मोडवर फिरवलं, फोटो काढला. मी कार्ड लावून बघते तर मुलगी होती तशीच. गव्हाळ, कपाळावर पुटकुळ्या, गालावर कांजण्यांचा एक व्रण.

"भाई, मोड लावला नाही का?"

"लावला ना."

त्यानं कॅमेरा बघितला. चाक गोऱ्या मोडवरच होतं. पण आतलं सगळं सेटिंग शून्यावर.

त्यानं पुन्हा भरलं. फोटो काढला.

पुन्हा शून्य.

आम्हाला वाटलं कॅमेरा बिघडला. भाईनं बॅटरी काढून ठेवली. सकाळी घातली, सेटिंग भरलं, मला दाखवलं. उजेड, गुलाबी, मऊपणा, सगळं जागेवर. मग आम्ही दोघं पुढं चहा प्यायला बसलो. मागच्या खोलीत कुणी नव्हतं.

कट्...

मी भाईकडे बघितलं.

कट्... कट्...

कॅमेऱ्याचं चाक फिरतं तेव्हा असाच आवाज येतो.

भाई उठून आत गेला. मी मागोमाग. कॅमेरा स्टँडवर होता. स्क्रीन चालू. चाक मात्र हललेलं नव्हतं.

भाई खाली वाकला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. कोपऱ्यात एक आकडा असतो, कार्डात अजून किती फोटो मावतील त्याचा. सकाळी हजारांत होता. आता काही शेकड्यांवर आला होता. एकही फोटो न काढता.

"क्वालिटी बदलली," भाई हळू आवाजात म्हणाला. "रॉ झालंय."

"तू केलंस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

आणि तेव्हाच...

फुस्स.

स्टुलाचं रेक्झिन आमच्या डोळ्यांसमोर दबलं. मधोमध खोलगट झालं... आणि तसंच राहिलं.

मी अल्लाहचं नाव घेत बाहेर पळाले.

भाईनं तो कॅमेरा कपाटात ठेवला. दोन दिवस मित्राचा आणला. त्या कॅमेऱ्यातही मुली होत्या तशाच यायला लागल्या. गिऱ्हाईक नाराज होऊन जायला लागलं. बाजारात गोष्ट पसरली, शहजादचा हात गेला. मित्रानं कॅमेरा परत नेला, तर त्याच्याकडे तो नीट चालायचा.

मग पुन्हा एका दुपारी भागीरथाकाकू आली. ती दिसताच भाई उभा राहिला.

"काकू, फ्रेम घ्यायला आलात?"

"नाही. फोटो काढाले आली."

"कुणाचा?"

काकू आमच्यामधून चालत मागच्या खोलीत गेली. स्टुलाच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी राहिली. घरच्या मुलीचा फोटो असला की आई जिथे उभी राहते, तिथे.

"काढा," ती म्हणाली.

मी भाईला खूण केली, नको. पण भाईचा चेहरा... मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यानं कपाट उघडलं. कॅमेरा स्टँडवर चढवला. चालू केला. सेटिंगला हातही लावला नाही.

कॅमेऱ्यात समोरचा चेहरा ओळखायची सोय असते. माणूस दिसला की स्क्रीनवर त्याच्या तोंडाभोवती एक पांढरी चौकट येते.

रिकामं स्टूल. निळा पडदा.

चौकट आली.

हवेत... बसलेल्या माणसाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर. जरा डावीकडे सरकली. जरा उजवीकडे. मग स्थिर झाली.

पीक्-पीक्.

भाई कॅमेऱ्यापासून अर्धं पाऊल मागे सरला. काकू मात्र स्टुलाकडे बघून बोलली, अगदी घरात बोलतात तसं.

"थांबा जरा. तिले ओढणी नीट करू द्या."

आम्ही थांबलो.

मला कापड सरकल्याचा आवाज आला. मी खोटं सांगत नाही.

"हं. आता काढा."

भाईनं बटण दाबलं.

फोटो मी कॉम्प्युटरवर उघडला. स्टूल. पडदा. पडद्याची एक घडी थोडी वर गेलेली. बस. दुसरं काहीच नाही.

काकू स्क्रीनजवळ आली. खूप वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू.

"हेच. हाच रंग. पाय ना बाई, कशी पाहून राह्यली."

भाई म्हणायला लागला, "काकू, पण यात..." मी त्याचा हात दाबला. प्रिंट काढला. जुन्या फ्रेममधला फोटो काढून हा बसवला. काकू ती फ्रेम छातीशी धरून बसस्टँडकडे निघून गेली.

मला वाटलं, संपलं. आईचं मन शांत झालं.

चार-पाच दिवसांनी बबनराव काका आले. काखेत तीच फ्रेम. चेहरा उतरलेला.

बायकोला रिकाम्या स्टुलाचा फोटो देऊन फसवलं म्हणून आता हा माणूस दुकान डोक्यावर घेणार. मी मनात उत्तर जुळवायला लागले.

काकांनी फ्रेम काउंटरवर ठेवली. तिच्याकडे बघितलं.

"शहजादभाऊ, फोटो बाकी बरोबर हाये. पण इतकी काळी कायले काढली?"

मी भाईकडे बघितलं. भाई माझ्याकडे.

काका बोलतच होते. "घरी लोकं येतात. पोरगी गेली, आता तरी चांगली दिसली पायजे का नाही? थोडी उजळ करून द्या."

भाईनं फ्रेम आपल्याकडे वळवून बघितली. स्टूल. पडदा.

शेवटी भाई म्हणाला, "काका... तुम्हाला दिसते ती?"

"म्हणजे? मी काय आंधळा हावो?"

"नाही होणार काका उजळ."

"काहून? पहिले तं करत होते."

"आता नाही होत."

काका चिडले. फ्रेम उचलून उजेडाकडे धरली, आम्हाला दाखवायला. "हे पाहा, इथं, हे कपाळ पाहा कसं..."

आणि मधेच थांबले.

फोटोकडे बघत राहिले. त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. जणू फोटोतून कुणीतरी काही बोलत होतं आणि ते ऐकत होते.

मग त्यांनी फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली. दोन्ही हातांनी दाबून. ती उघडू नये अशी.

पाण्याचा ग्लास दिला, तो घेतला नाही. उन्हासाठी आणलेली छत्री विसरून गेले. नंतर कधी न्यायलाही आले नाहीत. त्या दुपारी त्यांना काय दिसलं, काय ऐकू आलं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. घरातही नाही. आता ते शेतातल्या खोलीवरच झोपतात, असं काकू म्हणते.

फ्रेम नंतर काकूच येऊन घेऊन गेली.

भाईनं स्थळाचे फोटो बंद केले. आता पासपोर्टचे आणि शाळेच्या गॅदरिंगचे काढतो. गोरा मोड हवा असणाऱ्यांसाठी बसस्टँडजवळ दुसरा स्टुडिओ उघडला आहे. तिथे रांग असते.

मागच्या उन्हाळ्यात त्या गावात एका बारशाचे फोटो काढायला मी गेले होते. परतताना काकूकडे डोकावले. पुढच्या खोलीत देव्हाऱ्याच्या बाजूला फ्रेम टांगलेली. ताजा हार. खाली उदबत्ती.

काकूनं माझा हात धरून मला फ्रेमसमोर उभं केलं.

"कशी दिसते?"

मी बघितलं. स्टूल होतं. पडदा होता.

"छान दिसते काकू," मी म्हणाले.

काकूनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलं. तिनं माझा हात सोडला, चहा ठेवायला आत गेली आणि मग चहा होईपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

बसमध्ये बसल्यावर मी डोळे मिटले आणि सुरभीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. तीनदा ती माझ्यासमोर बसली होती. तासन्‌तास मी तिचे फोटो नीट केले होते. तिचा आवाज आठवतो. तिनं केलेली नक्कल आठवते.

चेहरा मात्र आठवतो तो एकच... गुलाबी, गुळगुळीत. आमच्या दुकानातला.

तिच्या बापालासुद्धा ती दिसते.

मला का दिसत नाही?