खालच्या रांगेतली पानं

ओवी घाडीगावकर खुर्चीत बसली, उठली आणि पुन्हा बसली.

“आज संध्याकाळी सहाला माझं लग्न मोडणार आहे,” ती म्हणाली. “ऑर्किडच्या पानांवरून.”

ठाकूरद्वारच्या त्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात यशोधन पेठ्यांनी वहीत ‘सहा’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रेघा ओढायची संधी त्यांना फारशी मिळत नसे. त्यांची वरिष्ठ, खाजगी गुप्तहेर वैशाली तांडेल, खिडकी ते दार अशा फेऱ्या मारत होती. मच्छीमार नगरमधल्या तिच्या घरून आलेल्या डब्यात या आठवड्यात चौथ्यांदा बटाटा निघाला होता. तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

“मोडणार कोण?” तिने विचारलं.

“बाबा. उद्या राजसचे आईवडील बोलणी करायला येणार होते. बाबा आज फोन करून नकार कळवणार. त्यांची आठ ऑर्किडं आहेत, गेल्या गणपतीनंतर आणलेली. मेअखेरपर्यंत मस्त होती. जूनपासून पानांची टोकं जळायला लागली. आधी तपकिरी, मग काळी.”

“आणि राजस?”

“जूनच्या पहिल्या रविवारी पहिल्यांदा घरी आला. तेव्हापासून दर रविवारी येतो. बाबा म्हणतात, आणखी काय पुरावा पाहिजे?”

“पण तो झाडं कशाला मारेल?” पेठ्यांनी विचारलं.

“पहिल्याच दिवशी बाबांनी त्याला ऑर्किडवर पावणेदोन तास माहिती दिली.”

“हेतू सबळ आहे,” पेठे म्हणाले आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.

लालबागला घाडीगावकरांची चाळ होती तिथेच आता बावीस मजली इमारत उभी होती. चाळीतली सगळी माणसं तिच्यात आली होती. दारं बंद ठेवायची पद्धत तेवढी नवीन होती.

हितेंद्र घाडीगावकर घड्याळ बघतच दार उघडायला आले. विमा कंपनीत अधिकारी असल्यामुळे अपघातावर त्यांचा मुळात विश्वास नव्हता.

ऑर्किडं स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये होती. चार कुंड्या वर आकड्यांना टांगलेल्या, चार खाली कट्ट्यावर. मधोमध पाटी होती: ‘स्पर्श करू नये. हुकुमावरून.’

वरच्या चौघी हिरव्यागार होत्या. खालच्या चौघींची टोकं काळी पडली होती आणि काळ्याच्या कडेने पिवळा पट्टा होता. गंमत म्हणजे पानं मात्र खालच्यांचीच रुंद होती, वरच्यांच्या दीडपट.

“फुलंही आधी त्यांनाच आली,” हितेंद्र म्हणाले. त्यांनी पाटी उगाच सरळ केली.

“ऊन?”

“उत्तरेची खिडकी. त्यातून उजेड वरच्यांनाच जास्त.”

“पाणी?”

“फिल्टरचं. लांब तोटीच्या झारीने, आठही कुंड्यांना मोजून सारखं. खत परदेशी, पंधरवड्याला एकदा. तेही सगळ्यांना सारखं. माझ्याशिवाय इथे कोणाचा हात लागत नाही.”

खालच्या कुंड्यांच्या काठावर पांढरी खपली धरली होती. वैशालीने ती नखाने खरवडली आणि बोट जिभेला लावलं.

“अहो बाई!” पेठे ओरडले. “विष असलं तर?”

“तर केस इथेच सुटली असती.” तिने चव घेतली. “मीठ आहे.”

“बघा!” हितेंद्रनी घड्याळावर बोट आपटलं. “मीठ आपलं आपण चालत येतं का कुंडीत?”

त्यांच्या पत्नी कौसल्या गॅसपाशी उभ्या होत्या. “ओ भाऊ, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढून द्या बघू,” त्यांनी पेठ्यांना कामाला लावलं. “हे बिल्डरवाले फळ्या कोणाच्या मापाने ठोकतात, देव जाणे.”

“तुम्ही झाडांना काही घातलंत? औषध, पावडर?” वैशालीने विचारलं.

“मी कशाला घालू? औषध नाय, पावडर नाय. उलट मला बघवत नाय. कशी सुकलीत बिचारी! तो राजसपण तसाच. नुसता काटकुळा. मी बळेबळे वाढते म्हणून चार घास जातात पोटात.”

“आज काय केलंयत?”

“बाजारात आता काय मिळतंय? गावाहून खारे बांगडे आलेत. तासभर भिजवावे लागतात, नायतर तोंडात घालवत नाय.”

पेठे पक्के शाकाहारी. स्वयंपाक तपासात येत नाही असं ठरवून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि नाकाला रुमाल.

चार वाजता ओवीने बोलावल्यावरून राजस वैशंपायन आला. सहा फुटांवर उंची, दारातून वाकून आत. एक हात पँटच्या खिशावर. वैशालीने त्याला तसाच लिफ्टपाशी नेलं.

“खिशात काय?”

“रुमाल.”

“रुमालाला कोणी इतकं जपत नाही.”

राजसने तिच्या मागे बघितलं, पेठ्यांच्या मागे बघितलं, मग जिन्याकडे. “मॅडम, मी मासे खात नाही. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, ‘खातोस ना रे?’ मी म्हटलं, सगळं खातो. तेव्हापासून सहा रविवार त्या वाढतात आणि मी रुमालात बांधून खाली मांजरांना नेऊन देतो. आजचा रुमालही तयार ठेवलाय.”

“कुंडीत कधी टाकलंस?”

“झाडांच्या जवळ गेलो की काका बोलायला लागतात. मी त्या खिडकीकडे बघतसुद्धा नाही.”

“सापडला!” राजस आत गेल्यावर पेठे कुजबुजले. “खारा मासा, खारी कुंडी.”

“पेठे, त्याच्या नाकासमोर कुठली रांग येते?”

पेठ्यांनी वहीत दोन रांगा काढल्या. ती दोनदा जिना उतरली आणि चढली.

पावणेसहाला सगळे स्वयंपाकघरात जमले. हितेंद्रच्या हातात फोन होता. ओवी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

“ऊन नाही, कारण जास्त उजेडातली झाडं ठणठणीत आहेत,” वैशालीने सुरुवात केली. “तुमचं पाणी आणि खतही नाही, ते आठहीजणींना सारखं मिळतं. राहिलं मीठ. ते फक्त खाली आहे. राजसला घालायचं असतं तर सहा फुटांचा माणूस समोरची रांग सोडून वाकला कशाला असता? मीठ घालणाऱ्याचा हात वर पोचतच नाही.”

पेठ्यांना साखरेचा डबा आठवला. त्यांनी हळूच टोपण काढलं.

“पण खालच्यांची पानं रुंद आहेत. म्हणजे तोच हात जूनच्या आधी त्यांना काहीतरी चांगलं देत होता. जूनमध्ये दोन गोष्टी सुरू झाल्या. एक राजस. दुसरी मासेमारी बंदी. बोटी किनाऱ्याला ओढल्या की ताजी मासळी बंद. आमच्या कोळ्यांच्या घरातसुद्धा मग बटाटा शिजतो. कौसल्याताई, मासे धुतलेलं पाणी तुम्ही कुठे ओतता?”

“झाडांना! आणखी कुठे?” कौसल्यांना प्रश्नच कळला नाही. “गावी आम्ही माडाला घालतो, अबोलीला घालतो. हे ऑफिसला गेले की ह्या कुंड्यांनापण घालते. नुसत्या फिल्टरच्या पाण्यावर कोण जगेल?”

“कौसल्या, तिथे पाटी आहे,” हितेंद्र क्षीणपणे म्हणाले.

“मी स्पर्श कुठे केला? वरून ओतलं.”

“ताज्या मासळीचं पाणी मानवलं,” वैशाली म्हणाली. “पण दीड महिना तुम्ही खारे बांगडे भिजवलेलं पाणी ओतताय. वाडगा तोच, हात तोच. पाणी तेवढं खारं.”

कौसल्या स्टुलावर बसल्या. “आणि पानं काळी पडली तशी, अशक्तपणा आला म्हणून मी दुप्पट घालायला लागले.”

“साध्या पाण्याने मुळं धुवा आणि कुंड्यांत मातीऐवजी भरलेली झाडाची सालं बदला. काळी टोकं हिरवी होणार नाहीत. नवी पानं येतील.”

हितेंद्रनी फोन खाली ठेवला नाही. “हा मुलगा मग खिसा का धरून उभा आहे?”

राजसने सांगितलं. मांजरांसकट.

“सहा रविवार?” कौसल्या ताडकन उठल्या. “माझ्या हातचं? मांजराला? करा हो फोन! सांगा, नाय जमत म्हणून!”

ओवीच्या ओढणीचं टोक फाटलं.

हितेंद्रनी नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत असताना ते राजसकडे बघत राहिले. एवढ्या आदराने त्यांनी आजवर फक्त ऑर्किडांकडेच बघितलं असेल.

“सहा रविवार,” ते म्हणाले, “आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीस. मला हे जमायला वर्ष लागलं होतं. तिच्या हातचं तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण मी गेली सत्तावीस वर्षं—”

ते थांबले. उशीर झाला होता.

“सत्तावीस वर्षं काय?” कौसल्यांनी विचारलं.

“हॅलो, चिंतामणी वैशंपायन बोलतोय,” फोनमधून आवाज आला.

“वैशंपायनसाहेब!” हितेंद्र भिंतीकडे सरकत म्हणाले. “उद्यापर्यंत कशाला थांबायचं? बोलणी आजच करू. वहिनींनाही आणा. टॅक्सी करा, पण आत्ता निघा.”