दोरा नसलेलं मशीन

"ताई, आधी ते मशीन बंद कर!" धाकटा कडाडला, आणि थोरलीचा पायडलवरचा पाय जागच्या जागी थिजला.

आईची स्मृती आता विझत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून आईच्या लहानपणच्या, लढाईच्या काळातल्या आठवणी थोरली मोबाइलवर रेकॉर्ड करून परदेशातल्या या धाकट्या भावाला पाठवत होती. लोकांचे कपडे शिवता शिवताच बिचारी आईला बोलतं करायची! आणि सुट्टीवर आलेल्या या शहाण्याला त्यात ऐकू काय आलं? तर नुसता खडखडाट!

"आईचा शब्द कळत नाही गं! एकदा तरी हातातलं काम बाजूला ठेवायचंस!"

हातातलं काम... याच कामावर त्याचं शिक्षण झालं होतं, याच कामापायी तिचं स्वतःचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं होतं! तिने सुईतला दोरा ओढून काढला, कापड घडी करून ठेवलं.

"हं, आई," धाकट्याने लाडाने विचारलं, "तुम्ही भावंडं तळघरात लपलात. मग?"

खडखड थांबून खोलीभर शांतता पसरली, तशी आई अंग चोरू लागली. तिने दोन्ही कानांवर हात दाबले आणि व्याकूळ नजरेने थोरलीकडे पाहिलं.

"आई, थांबलीस का गं?" ती थोरलीलाच म्हणाली. "चालव ना... वर बॉम्ब पडतायत!"

थोरलीने झटकन रिकामंच मशीन चालवलं. खडखड सुरू झाली आणि आईचे हात हळूहळू खाली आले.

"आमची आई अशीच चालवायची तळघरात," आई धाकट्याला सांगू लागली. "ना दोरा, ना कापड! म्हणायची, घाबरू नका रे, मशीनच वाजतंय... ही माझी पोरही तशीच. हिचं मशीन ऐकू आलं की मला कसली भीती वाटत नाही बघ."

इतक्या वर्षांचा सल त्या एका वाक्याने निघाला! थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण पाय काही थांबले नाहीत.

"ताई, चुकलो गं..." धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ. आता मी चालवतो, तू ऐकत बस."

त्याने पायडल मारलं, तर चाक उलटंच फिरलं!

"अरे गाढवा, दोरा तुटेल!" आई खुदकन हसली.

"दोरा आहेच कुठे, आई?" म्हणत थोरलीने तिच्या मांडीवर डोकं टेकवलं. "हं, सांग. मग काय झालं?"