जोडी चुकलेल्या स्लाइड्स

दार धाडकन उघडलं, सुलेखाच्या हातातला ट्रे हिंदकळला आणि युरोपातली पाचशे वर्षं फरशीवर सांडली.

"अगं आई गं!"

दारात पावसाने निथळणारा मुलगा सॉरी म्हणायचंच विसरला. "तुम्ही... मराठी?"

"आधी पाय उचला. रेनेसान्सवर उभे आहात."

असा भेटला श्रीरंग. साल शहाऐंशी, महिना सप्टेंबर, अमेरिकेत पिस्कॅटवेजवळच्या विद्यापीठाची स्लाइड रूम. तो पुण्याचा, इलेक्ट्रिकलचं एम.एस. करणारा, क्रेडिट भरायला सोपा विषय म्हणून पाश्चात्त्य कलेचा इतिहास घेऊन फसलेला. ती नागपूरची, त्याच विषयात एम.ए. करणारी आणि प्रोफेसर हॅलोरनबाईंच्या वर्गासाठी स्लाइड्स लावणारी. पार्ट्यांमध्ये काकू मंडळी विचारायची, "म्हणजे चित्रं काढतेस का गं?" "नाही, बघते," असं तिने सांगितलं की विषय संपायचा.

दोघांनी गुडघ्यांवर बसून स्लाइड्स गोळा केल्या. त्याने इमानेइतबारे रंगांप्रमाणे गठ्ठे केले आणि ती हसून हसून बेजार झाली. मग काय, स्वारी रोजच येऊ लागली.

"रोमँटिक म्हणजे नक्की काय हो?"

"वादळं, फुटलेली जहाजं, विस्कटलेले केस. तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं... कॉफी."

ऑक्टोबरात कॉफी झाली आणि 'अहो'चं 'अरे' झालं.

"मिडटर्म आहे यार. सगळा इतिहास एका वाक्यात सांग ना."

"प्रत्येक चळवळ म्हणजे मुलांनी वडिलांशी काढलेलं भांडण," सुलेखा म्हणाली. "निओक्लासिकलवाले म्हणाले, शिस्त! रोमँटिकवाले म्हणाले, खड्ड्यात गेली तुमची शिस्त. रिअॅलिझमवाले म्हणाले, पुरे ती वादळं, रस्त्यावर खडी फोडणारा माणूस बघा. आणि इम्प्रेशनिस्ट तर स्टुडिओचं दार उघडून उन्हातच पळाले."

त्याने वही मिटली. "मी बाबांशी कधीच भांडलो नाही," म्हणाला. "डिसेंबरात चाललोय... तीन मुली बघायच्यात. त्यांनी तारखासुद्धा फिक्स केल्यात."

"अच्छा," सुलेखा म्हणाली आणि स्लाइडवर नसलेली धूळ पुसत बसली.

त्या दिवसापासून तिचं चित्त काही ठिकाणावर नव्हतं. बसस्टॉपवर जाऊन ती परत फिरायची, एकच पान तीनदा वाचायची, चहा गार करून फेकायची. बोलावं? पण तो काही म्हणालाच कुठे? आणि नाही बोललं, तर तीनपैकी एखादी आवडेलच की त्याला! स्वतःवरच ती चिडचिड करायची आणि दार वाजलं की पुन्हा मान वर व्हायची.

हॅलोरनबाई दोन प्रोजेक्टरवर शिकवत. डावीकडे एक चित्र, उजवीकडे दुसरं, आणि दोघांची तुलना. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सुलेखाने उजवा ट्रे एक घर पुढे लावला.

अंधारात डावीकडे निओक्लासिकल चित्र आलं: वडिलांसमोर हात उंचावून शपथ घेणारे तीन ताठ मुलगे. शेजारी यायचं होतं वादळातलं जहाज. आली इम्प्रेशनिस्टांची, बागेत उन्हात बसलेली एक बाई.

प्रोजेक्टरपाशी सुलेखाचे कान तापले. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"ही जोडी मी लावलेली नाही," हॅलोरनबाई थंडपणे म्हणाल्या. "पण आलीच आहे समोर. बोलेल कुणी?"

मग श्रीरंगचा हात वर गेला.

"डावीकडे कुणी कुठे उभं राहायचं, ते वडिलांनी ठरवलंय," तो इंग्रजीत म्हणाला. "उजवीकडे तिला कुणीच काही सांगितलेलं नाही. ऊन आहे तिथे ती बसलीय." तो अडखळला. "मी डावीकडचा आहे, मॅम. मला उजवीकडे जायचंय."

वर्ग हसला. तो मात्र पडद्याकडे बघतच नव्हता. मागे वळून प्रोजेक्टरकडे बघत होता.

वर्ग सुटताच सुलेखाने त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"उत्तर चुकलं का?" त्याने विचारलं.

"ट्रे चुकला! तुझ्यामुळे! तीन आठवडे मला काही सुचत नाहीये, श्रीरंग. त्या मुली बघायला जाऊ नकोस... मला नाही सहन होणार."

तो हळूच हसला. "मग हे बाबांना सांगायला हवं. आत्ताच. नाहीतर माझा धीर सुटेल."

साडेदहा वाजले होते, म्हणजे पुण्यात रात्रीचे नऊ. घरी फोन नव्हता; शेजारच्या शरयूकाकूंकडे करायचा आणि त्यांनी बाबांना हाक मारायची. त्याने कॉरिडॉरमधल्या फोनवरून पर्सन-टू-पर्सन कॉल मागितला, म्हणजे ठरावीक माणसाशीच जोडून द्यायचा, आणि ऑपरेटरला नंबर सांगितला, वडिलांचं नाव सांगितलं. रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला.

"कॉल कुणाकडून आहे, सर?" ऑपरेटरने विचारलं.

श्रीरंगने तोंड उघडलं... आणि शब्दच फुटेना.

सुलेखाने रिसीव्हर ओढला. "श्रीरंग," ती म्हणाली. एक श्वास घेतला. "अँड सुलेखा."

दोन्ही नावं ऑपरेटरबाई पलीकडे जशीच्या तशी वाचून मोकळ्या झाल्या. "येस, येस, होल्ड ऑन," शरयूकाकू म्हणाल्या आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अहो पुरुषोत्तमराव, श्रीरंगचा फोन! आणि बरोबर कुणी सुलेखा म्हणून आहे!"

दारं उघडल्याचे आवाज. चपलांची फटफट. मग धापा टाकत एक करडा आवाज, "कोण सुलेखा?"

श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं. मग रिसीव्हर स्वतःकडे घेतला.

"सांगतो, बाबा," तो म्हणाला. "पण आधी त्या तिन्ही तारखा कॅन्सल करा."